सहा रस्त्यांपैकी पाच

७ फेब्रुवारी

आत्या,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. म्हणजे निदान मी तरी.

बाबांचं काय सांगू? डिसेंबरात लायसन्स गेलं तेव्हापासून ते खोलीबाहेर येत नाहीत. एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवली, बसला कधी ओरखडा नाही, आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना शाळा एकाएकी डोळे तपासायला पाठवते काय, आणि आठवड्याभरात किल्ल्या काढून घेते काय! डॉक्टर म्हणतात, नजरेचा मधला भाग पुसला गेलाय, कडा शाबूत आहेत. पूर्ण अंधार कधीच होणार नाही, पण समोरचा चेहरा आणि छापील अक्षर आता विसरा. बाबांचं म्हणणं, डॉक्टरच आंधळा आहे.

मी दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घडवते आणि घरी येऊन दातखीळ बसलेल्या माणसासमोर जेवते. काल त्यांनी ताट अर्धं तसंच सरकवलं. "भूक कशाने लागणार? बसून?" म्हणाले. मला भीती वाटते आत्या. माणूस असा बसून बसून संपतो, हे मी लॅबच्या मालकांच्या वडलांचं पाहिलंय.

म्हणून तुझ्याकडे काम आहे. रविवारी त्यांना शहराबाहेर न्यायचंय. झाडं, पाणी, मोकळं रान, काहीही चालेल. मला गाडी चालवता येत नाही आणि त्यांच्यासमोर शिकायची माझी छाती नाही. मोबाईलला विचारलं तर तो म्हणतो चार गाड्या बदला आणि पुढे तीन तास चाला. तू बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात एकतीस वर्षं काढलीस. सकाळी निघून उजेडात घरी परतता येईल अशी एक सहल आखून दे. चालणं मैलभर, जास्त नको.

आणि एक. तू फोन केलास की बाबा नेमके आंघोळीला जातात. मनावर घेऊ नकोस, सध्या ते साऱ्या जगावर रुसलेत.

तुझी,
खारू

---

११ फेब्रुवारी

खारू,

आशीर्वाद घे आणि लगेच पेन्सिलही घे.

रविवार, १९ तारीख. तुमच्या नाक्यावरून ७.५० ची बस, पूर्वेच्या मोठ्या स्टँडवर ८.२५. तिथून ८.४० ची, गिरणीच्या तिठ्यावर ९.५२ ला उतरायचं. तिठ्यावरून ९.५६ ला धरणाची बस. एका गाडीतून उतरून दुसरी धरायची याला आमच्या कचेरीत 'जोड' म्हणायचे. धरणाच्या गावात १०.३० ला पोहोचाल. जाताना डाव्या हाताला बसा, ऊन उजवीकडून येतं आणि टेकड्या डावीकडे आहेत. स्वच्छतागृह स्टँडवरच उरकून घ्या, पुढे थेट धरणावरच आहे. बांधावरून चालायची वाट सपाट आहे, जाऊन येऊन पाऊण मैल. परत ३.१० ची. ती चुकली तर ४.३०. त्यानंतरची धरू नका.

मला अजून दर सहा महिन्यांनी नवी वेळापत्रकं टपालाने येतात. कुणी मागितली नव्हती, पण बंद करा असंही मी कधी कळवलं नाही. सकाळच्या चहाबरोबर वाचते. शेजारीण म्हणते, तुमच्याकडे पोथी दिसत नाही ती ही असणार.

फोनवर हे सांगायचं नसतं. ऐकणारा आठ पंचवीसचं आठ पस्तीस करतो. म्हणून आपलं पत्रच बरं.

दादाला सांगू नकोस की आखणी माझी आहे. ऑफिसातल्या कुणीतरी सांगितली म्हण. तो कुणाचं नाव घेतो का ग? कुणावर राग काढतो का? नुसतं विचारलं.

आत्या

---

२० फेब्रुवारी

आत्या,

तुझी चार मिनिटांची जोड! तू साठ वर्षांच्या रुसलेल्या माणसाबरोबर कधी बस बदलली आहेस का?

मुळात घरातून बाहेर काढायलाच घाम फुटला. "दुसऱ्याच्या पाठीमागे बसून जाऊ? मी?" शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, मी एकटीच जाते, हरवले तर शोधायला या. तेव्हा बूट घातले. ड्रायव्हरच्या मागचीच सीट हवी होती. मग सबंध रस्ता उजवा पाय फरशीवर दाबत होते आणि पुटपुटत होते, "गिअर... अरे गिअर टाक... वळणावर कुणी घाबरतं का असं?" ड्रायव्हरने आरशातून दोनदा बघितलं. मी खिडकीबाहेर बघून ओळख नसल्यासारखं केलं.

तिठ्यावर उतरलो तेव्हा धरणाची बस समोर उभी होती. मी धावले. बाबा चालत आले, हात मागे बांधून. "मी कुठल्याही गाडीमागे पळत नसतो," म्हणाले. बस गेली. पुढची एक तास पन्नास मिनिटांनी. त्या तिठ्यावर एक बंद गिरणी, एक चहाची टपरी आणि आम्ही. मला रडू यायच्या बेतात होतं.

आणि तिथेच गंमत झाली. चहा प्यायला एक मालवाहू गाडीवाला थांबला होता, त्याचं इंजिन नीट बोलत नव्हतं. बाबा बाकावर बसूनच म्हणाले, "पट्टा सैल आहे." त्याने बघितलं, खरंच सैल होता. मग तासभर दोघांचं इंजिनपुराण. मी दोन चहा प्यायले आणि गिरणीच्या भिंतीवरच्या विटा मोजल्या. बाबा हसले आत्या. मी डिसेंबरानंतर पहिल्यांदा ऐकलं.

धरणावर ते पाण्याकडे सरळ बघत नव्हते. कोंबडी दाण्याकडे बघते तशी मान तिरकी करून बघत होते. मी विचारलं दिसतंय का, तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा जास्त." डब्यातली चारही उकडलेली अंडी त्यांनी खाल्ली. त्यातली दोन माझी होती.

पुढची आख. जोड मोठी ठेव.

खारू

---

२४ फेब्रुवारी

खारू,

चार मिनिटांची जोड! नोकरीत असताना कुणी कारकुनाने अशी आखणी पुढे ठेवली असती तर मीच त्याला परत पाठवलं असतं. कागदावर माणसं पळतात ग. इतकी वर्षं कागदावरच्याच माणसांना पळवलं मी. आता कुठलीही जोड वीस मिनिटांच्या खाली येणार नाही.

सोबत तीन आखण्या आहेत: उत्तरेचं बोरांचं रान, नदीच्या दुसऱ्या बाजूची रोपवाटिका, आणि डोंगराच्या पायथ्याचं तळं. प्रत्येकीत कुठे बसायचं, सावली कुठे, बाक कुठे ते लिहिलंय. तळ्याच्या बसला पायऱ्या उंच आहेत. त्याचा हात धरू नकोस. त्याला आवडायचं नाही. तू नुसती एक पायरी खाली उभी राहा.

तो हसला हे तू लिहिलंस ते मी तीनदा वाचलं.

आत्या

---

२० मार्च

आत्या,

तिन्ही झाल्या. बोरांच्या रानात काट्याने माझी ओढणी फाटली. रोपवाटिकेत बाबांनी माळ्याला पाण्याचा पाइप कुठून गळतोय ते आवाजावरून सांगितलं. तळ्यावर ते तासभर एकटे बसले, मी मुद्दाम लांब राहिले. परत येताना म्हणाले, "पुढच्या रविवारी कुठे?" मी न ऐकल्यासारखं करून पुन्हा विचारायला लावलं. एवढा आनंद फुकट कशाला सोडू?

आता दाढी रोज होते. शनिवारीच डबा धुऊन ओट्यावर पालथा घातलेला असतो.

पण एक गोष्ट फुटली. तळ्याच्या वेळी मी तुझी चिठ्ठी मोठ्याने वाचत होते. ऊन कुठून, बसायचं कुठे, स्वच्छतागृह कुठे. मध्येच म्हणाले, "हे तुझ्या ऑफिसातल्या कुणाचं नाही. ही घड्याळबाई आहे." मी म्हटलं, हो, आत्याच आहे. मला वाटलं ते खूष होतील. त्यांनी मान दुसरीकडे वळवली. बूट मात्र घातले.

मग मलाच एक सुचलं. आपण इतक्या लांबलांबच्या सहली करतोय, तर तुझ्याकडेच का येऊ नये? एका दिवसात जाऊन येता येईल ना? ९ एप्रिलला येतो. बाबांना अजून सांगितलेलं नाही, आधी तू आखणी पाठव.

खारू

---

२३ मार्च

खारू,

९ तारखेला नको ग. घराला रंग द्यायचाय. माझे गुडघेही सध्या बोलतात. शिवाय आमच्या बाजूच्या रस्त्याचं काम चालू आहे, बस कधी येते कधी येत नाही. दादाला तासन् तास ताटकळत ठेवणं बरं नाही.

त्याऐवजी २ एप्रिलसाठी दक्षिणेच्या पवनचक्क्यांची आखणी पाठवते. फार सुरेख जागा आहे. वाऱ्यासाठी त्याची कानटोपी घे.

आत्या

---

३ एप्रिल

आत्या,

पवनचक्क्या सुरेख आहेत. त्यांच्याबद्दल एवढंच. आता दुसरं.

तुझ्याकडे यायचं का जमत नाही ते मी बाबांना सांगितलं होतं. काल परतीच्या बसमध्ये त्यांनी कंडक्टरला विचारलं, तुझ्या गावाकडच्या रस्त्याचं काम कधी संपणार. तो म्हणाला, कसलं काम? तो रस्ता तर दोन वर्षांपूर्वीच नवा केला, गाडी अगदी वेळेवर असते.

घरी आल्यावर बाबांनी मला टेबलावर कागद पसरायला लावला. म्हणाले, "शहरातून बाहेर पडायचे रस्ते किती? सहा. मधोमध शहर काढ." मी काढलं. "आता आपण कुठे कुठे गेलो त्या बाजूंना रेघा मार." पाच सहली झाल्या, पाच रेघा, पाच वेगवेगळ्या दिशा. सहावी बाजू कोरी. "तिकडे कोण राहतं?" मी म्हटलं, आत्या. तर म्हणाले, "एकतीस वर्षं वेळापत्रक करणारी बाई एक रस्ता विसरेल का?"

मी म्हटलं, तिचे गुडघे, तिच्या घराचा रंग. ते म्हणाले, "तिला विचार, शाळेला पत्र लिहिताना हात थरथरला का."

कुठलं पत्र, आत्या? मी दहा वेळा विचारलं. ते खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. पाच रविवारांची माझी मेहनत त्या दाराआड गेली. मला गोल गोल उत्तर नको. खरं काय ते लिही.

खारू

---

७ एप्रिल

खारू,

खरं लिहिते.

नोव्हेंबरात मी तुमच्याकडे आले होते, आठवतं? तू कामावर होतीस. दादा मुलांना सोडून रिकामी बस घेऊन मला स्टेशनवर घ्यायला आला. मी त्याच्या मागच्या सीटवर बसले. मोठ्या चौकात दिवा लाल होता आणि दादाने बस पुढे काढली. समोरून एक सायकलवाला येत होता. मी किंचाळले. दादाने ब्रेक मारला तेव्हा सायकलचं चाक बसच्या नाकापासून वीतभर लांब होतं. सायकलवाला शिव्या देऊन निघून गेला.

दादा म्हणाला, डोळ्यावर ऊन आलं. दुपारचे चार वाजले होते आणि आम्ही पूर्वेला चाललो होतो. ऊन पाठीमागे होतं. मी आयुष्यभर कुठल्या गाडीत कुठून ऊन येतं हे लिहीत आले. तो माझ्याशी खोटं बोलला आणि मी "असेल" म्हटलं.

त्या रात्री आपण तिघं जेवलो. तू कुणाच्या तरी कवळीचा किस्सा सांगितलास. तेव्हा मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. मला वाटलं, तो ऐकणार नाही, ओरडेल, मी रडेन, आणि सोमवारी तो पुन्हा चाळीस मुलं घेऊन निघेल. म्हणून घरी आले आणि शाळेच्या मोठ्या बाईंना पत्र लिहिलं. खाली माझं नाव घातलं, निनावी लिहायची लाज वाटली. पण स्वतःच्या भावाला मात्र अवाक्षराने कळवलं नाही.

पत्र लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही, हे तुला राग आला तरी सांगते. ती चाळीस मुलं माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पण आधी त्याला सांगायला हवं होतं. तुझ्या पहिल्या पत्रात त्याने ताट अर्धं सरकवलं असं होतं, त्या दिवशी मीही जेवले नाही. सहली आखून देत होते ती भरपाई होती, दुसरं काय? आणि माझ्याकडचा रस्ता टाळत होते कारण त्याच्यासमोर उभं राहायची हिंमत नाही.

आता तू ठरव. आखण्या नको असतील तर नाही पाठवणार.

आत्या

---

२४ एप्रिल

घड्याळबाई,

हे जाड पेनाने लिहितोय. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर समजून घे. खारू मदत करायला आली, तिला हाकललं.

मोठ्या बाईंनी तुझं पत्र मला डिसेंबरातच वाचून दाखवलं होतं. सहीसकट. मला वाटलं, सख्खी बहीण! माझ्या पाठीमागे! पहिले दोन महिने तुला शिव्या देण्यात बरे गेले, दुसरा उद्योगच नव्हता. मग तुझ्या सहली सुरू झाल्या. खारू वाचायला लागली की मला पहिल्याच वाक्यात कळायचं कोण बोलतंय. मी फुकटात फिरत होतो आणि तुझ्याशी बोलतही नव्हतो. माझं मस्त चाललं होतं.

पण तू रस्ता टाळलास तेव्हा मात्र झोंबलं. तू मला घाबरायला लागलीस? लहानपणी मी तुझी पाटी फोडली तेव्हा तू माझ्या दंडाला चावली होतीस. अजून वण आहे.

आता हे खारूलाही सांगितलेलं नाही, तुलाच लिहितो. तो सायकलवाला मला दिसला नव्हता. त्याआधी महिनाभर मला दिव्यांचा रंग दिसत नव्हता, पुढची गाडी हलली की मी हलायचो. त्या दिवशी पुढे गाडी नव्हती. मुलं बसमध्ये असताना असं झालं असतं तर? हा विचार मी कुणाजवळ बोललो नाही. पण तो रोज मनात येतो.

७ मेला, रविवारी, येतोय. एकटा. खारूला म्हटलं तू झोप काढ. गाडी कुठली ते तू लिहू नकोस. मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशी रांगेत उभं राहून विचारून आलो. ११.०५ ला पोहोचतो. मधली जोड चाळीस मिनिटांची आहे, पळायचं नाही.

तुझा दादा

(आत्या, मी खारू. पाकिटात घालताना मी हे वाचलं नाही, शप्पथ. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं आणि तीन दिवस त्यांच्याशी भांडले, मग तुझ्यावर चिडले, मग दोघांवर. आता दमले. रांगेत ते खरंच एकटे गेले होते. मी समोरच्या फुटपाथवरून बघत होते. त्यांना एकटं पाठवू का ग? माझा जीव थाऱ्यावर नाही.)

---

८ मे

खारू,

काल तो सुखरूप घरी पोहोचल्याचा तुझा फोन आला तेव्हा मी फार बोलले नाही, कारण बोलले असते तर सगळं एकदम बोलले असते. आता सावकाश लिहिते.

मी साडेदहापासूनच थांब्यावर होते. ११.०५ ची गाडी ११.०७ ला आली. तो उतरला, मान तिरकी करून मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाला, "जाड झालीस. कडेने एवढंच कळतं." मी वाटेत सहा वाक्यं घोकून ठेवली होती, एकही आठवलं नाही.

घरी येऊन हात धुतले आणि थेट टेबलाशी बसला. "बोल," म्हणाला. मी बोलले. चौकातलं, जेवणाच्या वेळचं, पत्राचं, सगळं. मध्ये एकदाही त्याने तोडलं नाही, हे त्याच्या बाबतीत किती मोठं आहे ते तुला माहीत आहे. माझं संपल्यावर पेलाभर पाणी प्यायला. मग म्हणाला, "पत्र बरोबर होतं. पण मला पहिल्यांदा सांगायचं होतंस. मी ओरडलो असतो. ओरडू द्यायचं होतंस." मी म्हटलं, चुकलं माझं. तो म्हणाला, "हं." मग विचारलं, "जेवायला आहे की फक्त पश्चात्तापच शिजवलाय?"

जेवला. दोनदा वाढून घेतलं. नंतर आम्ही ओढ्यापर्यंत चालत गेलो. माझे गुडघे दुखत होते, त्याला दिसत नव्हतं, तेव्हा कोण कुणाला सांभाळतंय ते वाटेतल्या माणसांना कळलं नसेल. त्याने मला सायकलवाल्याची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी उन्हाशिवाय. सांगताना थांबला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि आम्ही तिथेच कडेला बसून घेतलं. तो रडला खारू. तुला सांगू नको म्हणाला नाही, म्हणून सांगते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते.

संध्याकाळी त्याला सोडायला स्टँडवर गेले. उजेड होता. एकदम तीन बस येऊन लागल्या, तिन्ही एकाच रंगाच्या. दादा मान इकडे वळवत होता, तिकडे वळवत होता, डोळे बारीक करत होता. त्याची गाडी कुठली ते मला लांबूनच दिसलं होतं. जीभ अगदी टोकावर आली होती. पण एकदा मी त्याच्या वतीने परस्पर सांगून मोकळी झाले होते, म्हणून ओठ दाबून नुसती शेजारी उभी राहिले. त्याच्याच बसच्या ड्रायव्हरने इंजिन चालू केलं. ती निघून गेली असती तर गेली असती, तरी मी बोलले नसते. फार कठीण गेलं ते मला.

मग तो माझ्याकडे वळला. आजूबाजूला माणसं होती, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "घड्याळबाई, मला नंबर दिसत नाही ग. माझी कुठली?"

"अगदी पलीकडची," मी म्हटलं.

त्याने माझा हात धरला आणि आम्ही दोन बस मागे टाकून तिसरीपर्यंत चालत गेलो.

तुझी,
आत्या